पाहणी आषाढातच होते

विमलाबाईंना कोणी भोळं म्हटलं की माझं डोकं फिरतं. पेठ रोडवरच्या आमच्या वसाहतीत अजूनही काही जण तसं म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांनी आयुष्यात दुसऱ्याच्या पोराचं नाकसुद्धा पुसलेलं नसतं. विमलाबाई भोळ्या नव्हत्या. भाजीवाल्याच्या तागडीकडे त्या अशा बघायच्या, की तो आपणहून एक वांगं जास्त टाकायचा. त्यांच्या हातून जे झालं ते दुसऱ्या कोणाच्याही हातून तसंच झालं असतं, एवढंच मला सांगायचं आहे. मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. त्यांच्या शेजारी राहायचे, त्यांना काकू म्हणायचे, आणि त्यांचे सगळे अर्ज मीच लिहून दिले, म्हणून मला हे माहीत आहे.

त्यांचे यजमान निवृत्तीकाका पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर होते. अर्ध्या पंचवटीला पाणी सोडून घरी आले की यांच्याच माठात पाणी नसायचं, कारण ते पोरांच्या आंघोळीला गेलेलं असायचं. काका कळशी उचलून परत नळावर जायचे.

ही पोरं म्हणजे सुरगाण्याकडची. तिकडच्या डोंगरात भात-नागली निघाली की माणसांना काम उरत नाही. दिवाळी झाली की ती बायकापोरांसकट नाशिकला येतात, आडगाव-मखमलाबादच्या द्राक्षबागांत आणि भाजीच्या मळ्यांत राबतात, आणि आखाजीच्या सुमाराला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, पावसाआधीची शेतं भाजायला परत जातात. बहात्तरच्या दुष्काळात ती फार आली. आमच्या वसाहतीमागच्या पडीत त्यांची पालं पडली. आईबाप पहाटे कामाला जायचे आणि पोरं दिवसभर तिथंच, मोठं असेल त्यानं लहानाला कडेवर मारायचं. एकदा एका पोराचा पाय विझत आलेल्या चुलीत गेला. विमलाबाई धुणं टाकून धावल्या. त्याला इस्पितळात नेऊन आणलं आणि दुसऱ्या दिवशी त्या पडीतली सगळी पोरं बुद्धविहाराच्या हॉलमध्ये आणून बसवली.

तिथून ते सुरू झालं. हळूहळू पोरं रात्रीही राहू लागली, कारण आईबापांची कामं लांबच्या मळ्यांवर लागायची. मी त्यांना माझ्या शाळेत बसवून घ्यायचे. वसाहतीतल्या बायका कणीक मळताना एक मूठ पीठ बाजूला काढायच्या आणि शनिवारी विहारात आणून द्यायच्या. पोरांचे आईबाप येताना नागली घेऊन यायचे. आखाजी जवळ आली की पोरांचा अभ्यासातला जीव उडायचा. नाक्यावर जीप थांबल्याचा आवाज आला तरी अर्धा वर्ग दाराशी. आईबाप येऊन आपापलं पोर घेऊन जायचे, आणि विमलाबाई हॉल सारवून कुलूप लावायच्या. दिवाळीनंतर पुन्हा उघडायच्या. आम्ही सात बायकांनी मिळून संस्था रीतसर नोंदवली तेव्हा तिला ‘रमाई बालनिवास’ असं नाव दिलं, पण कोणी ते नाव घेत नसे. विमलाबाईंची पोरं, एवढंच म्हणायचे सगळे.

पाचसहा वर्षं असं रेटलं. मग दिवस बदलले. वसाहतीतल्या घरांत सुना आल्या, त्यांना मूठभर पिठाची सवय नव्हती. शनिवारचा डबा अर्धा यायला लागला. त्यात विहाराच्या कमिटीनं सांगितलं की हॉल लग्नाकार्याला लागतो, तुमच्या पोरांनी भिंती काळ्या केल्यात, दुसरी जागा बघा. मला त्या माणसांचा संताप आला होता, पण खोटं कशाला बोला, भिंती खरंच काळ्या झाल्या होत्या. कमिटीनं दोन वर्षांची मुदत दिली. त्यात स्वतःच्या दोन खोल्या झाल्या नाहीत, तर विमलाबाईंची पोरं परत पडीत जाणार होती.

तेव्हा कोणीतरी गोदाकाठ लोकन्यासाचं नाव सांगितलं. गावातले व्यापारी, डॉक्टर, वकील यांनी एकत्र येऊन पैसा उभा केला होता आणि दर दसऱ्याला त्यातून शहरातल्या संस्थांना मदत द्यायचे. कोणाला शिवणयंत्रं, कोणाला औषधं, कोणाला इमारत. मेन रोडवर एका कापडदुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. चिटणीस होते खंडेराव, निवृत्त मामलेदार. मी वाघ भेटेल या तयारीनं गेले होते. निघाला अगदी सज्जन माणूस. स्वतः उठून आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, अर्ज पूर्ण वाचला, आणि चष्मा काढून म्हणाले की असं काम आपल्या शहरात चालतं हे आपल्याला माहीतच नव्हतं. विमलाबाई जिना उतरताना हसत होत्या. मीही.

पाहणीला ती माणसं आली आषाढात.

आषाढात बालनिवासात काय असणार? सारवलेली जमीन, भिंतीला टेकवलेल्या सतरंज्या, आणि विमलाबाई. पोरं आईबापांच्या मागे आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलात. खंडेरावांबरोबर एक डॉक्टर आणि एक किराण्याचे व्यापारी होते. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मुलं कुठं आहेत म्हणून विचारलं. घरी आहेत, असं विमलाबाईंनी सांगितलं. मग इथं कोण राहतं, असं डॉक्टरांनी विचारलं. ते थट्टेनं नव्हतं, त्यांना खरंच कळत नव्हतं. विमलाबाईंनी सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली, चहा घेतला, आणि दसऱ्याच्या यादीत आमचं नाव नव्हतं.

मी तरातरा मेन रोडला गेले. खंडेरावांनी मला पुन्हा खुर्ची दिली. उन्हाळ्यात विश्वस्तांच्या घरी लग्नसराई, श्रावणात उपासतापास, पुढं गणपती, दसऱ्याला वाटप, दिवाळीला हिशेबाचं वर्ष संपतं, नवे अर्ज गुढीपाडव्याला. पाहणीला मोकळा महिना आषाढच. एका संस्थेसाठी हिवाळ्यात गेलो तर सगळ्यांसाठी जावं लागेल, असं ते म्हणाले. मला भांडायचं होतं, पण त्यात भांडायला काही सापडेना. आपली चूक नाही आणि समोरच्याचीही नाही, याच्यासारखा वैताग नाही.

पुढच्या वर्षी विमलाबाईंनी स्वतः तोड काढली. आषाढ लागायच्या आधी त्या सुरगाण्याला गेल्या. वणीमार्गे एस.टी., पुढं जीप, जीप थांबते तिथून पाऊलवाट. मीही बरोबर होते, आणि माझी चप्पल त्या वाटेनं घेतली ती घेतलीच. आम्ही कुसाबाईच्या घरी उतरलो. कुसाबाईची ठकी तेव्हा सहाएक वर्षांची, विमलाबाईंच्या पदराला धरून झोपणारी. विमलाबाईंनी सांगितलं की मोठी माणसं आपली संस्था बघायला येणार आहेत, त्या एका दिवसापुरती पोरं पाठवा, संध्याकाळी मी परत आणून सोडते. कुसाबाईचा नवरा चिमाजी शांतपणे ऐकत होता. पाठवू, म्हणाला. आम्हाला नागलीची भाकरी आणि उडदाच्या डाळीचं भुजं वाढलं. आम्ही खुशीत परतलो.

पाहणीच्या दिवशी नाक्यावर जीप थांबली. मागून दुसरी थांबली. त्यातून पोरं उतरली, आणि पोरांबरोबर त्यांचे आईबाप उतरले, एका पाड्याची म्हातारीकोतारी उतरली. आवणी सोडून, चिखलाचे पाय कुठल्याशा ओढ्यात धुऊन, सगळा पाडा आला होता. त्यांचं आपसात असं ठरलं होतं की बाईवर काहीतरी बालंट आलंय, कोणीतरी तिचा न्याय करायला बसणार आहे, आणि अशा वेळी पोरांना एकटं पाठवणं बरं दिसत नाही. त्यांच्याकडे कोणावर बोल आला की त्याच्या बाजूची सगळी माणसं जाऊन त्याच्या मागं बसतात. बोलायचं काही नसतं. किती माणसं बसली यावरून पंच काय ते समजतात. ती तशी येऊन बसली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पोरं आपापल्या आईच्या मांडीत. साहेबासाठी टोपलीत एक कोंबडा आणि नव्या फडक्यात बांधलेले तांदूळ.

विमलाबाईंना रडू आलं. मला पुढचं दिसायला लागलं होतं, पण त्यांना मी काय सांगणार?

खंडेराव आणि मंडळी आत आली. चिमाजी उठला आणि सरळ खंडेरावांसमोर जाऊन उभा राहिला. तिकडच्या बोलीत सगळ्यांना तूच म्हणतात.

“तू साहेब हायेस ना?” तो म्हणाला. “ही बाई चांगली हाय. आमची पोरं ही सांभाळते. आमी समदे आलोत.”

खंडेरावांनी त्याला नमस्कार केला, हे मी त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. मग डॉक्टरांनी हलक्या आवाजात विमलाबाईंना विचारलं की या मुलांचे आईवडील हयात आहेत का? सगळ्यांचे? आणि गावाकडं शेती आहे? व्यापारी टोपलीतल्या कोंबड्याकडे बघत होते. न्यासाकडे अनाथांचे आश्रम येत होते, कुष्ठरोग्यांच्या वसाहती येत होत्या. आणि इथं हॉलभर धडधाकट आईबाप आपापलं पोर मांडीवर घेऊन बसले होते. मदत मागायला यापेक्षा वाईट चित्र कोणाला काढताही आलं नसतं.

पाड्यावरची माणसं मात्र खूश होऊन परत गेली. एवढे जण बसले होते, साहेबानं हात जोडले, म्हणजे बाई सुटली, असं त्यांना वाटलं. त्यांच्या आवणीचे ऐन दिवस गेले, रोपं पिवळी पडली, हे आम्हाला पुढं दिवाळीत कळलं. तेही कोणी तक्रार म्हणून सांगितलं नाही.

त्या दसऱ्यालाही नाव नव्हतं. पण खंडेराव स्वतः रिक्षा करून विमलाबाईंच्या घरी आले. निवृत्तीकाकांनी त्यांना लोखंडी खुर्ची दिली. खंडेराव कप खाली ठेवून म्हणाले की मला तुमचं काम पटलंय, पण विश्वस्तांना मी काय दाखवू? तुम्ही हे बारमाही करा. मुलं वर्षभर ठेवा. पावसाळ्यात त्यांच्या गावची शाळा तरी कुठं नीट भरते? सलग शिकतील, निवासी संस्था होईल, मग मीच काय, कोणीच नाही म्हणू शकणार नाही. दोन खोल्यांचं मी बघतो.

ते गेल्यावर विमलाबाई उंबऱ्यात बसून राहिल्या. “लता,” त्या म्हणाल्या, “आईबाप कामाला गेल्यावर पोर एकटं पडतं, म्हणून मी हे काढलं. आता आईबाप घरी असताना पोर इकडं ठेवायचं?”

मी म्हटलं, नाही ठेवायचं. सोडून द्या तो न्यास. त्यांनी शांतपणे विचारलं की मग दिवाळीनंतर पोरांना झोपवू कुठं. विहाराच्या कमिटीची मुदत संपत आली होती. भाड्यानं जागा विचारायला आम्ही दोघींनी सगळी पंचवटी पालथी घातली होती, आणि डोंगरातली पोरं म्हटल्यावर, किंवा आमची वसाहत कोणती ते ऐकल्यावर, रिकाम्या खोल्या एकदम भरलेल्या निघत होत्या. उत्तर नसताना मी आवाज चढवते, तसा चढवला. काका कळशी घेऊन बाहेर गेले.

हिवाळा त्यांनी कसाबसा विहारात काढला. आखाजीला आईबाप पोरं न्यायला आले तेव्हा विमलाबाईंनी सगळ्यांना बसवलं आणि काही न लपवता सांगितलं. इमारत होईल, पण पोरं पावसाळ्यातही इथंच राहतील. आत्ता घेऊन जा, शाळा उघडली की आणून सोडा. मला वाटलं होतं कोणीतरी नाही म्हणेल. मनातून मी वाट बघत होते. एकानं जरी नाही म्हटलं असतं, तरी विमलाबाईंनी तो नाद सोडला असता, मला खात्री आहे.

सगळे कुसाबाईकडे बघू लागले. ती ठकीच्या केसांतून हात फिरवत होती.

“बाई, तू आमच्यासाठी इतकी वणवण केलीस,” ती म्हणाली. “तुला नाय कसं म्हनू? ठेव तू. इठं दोन येळा खायाला भेटतं. आमच्याकडं पावसाचं कंदमूळच हाय.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. कोंबडा घेऊन एकदा जिच्या मागं बसलो ती आपली, मग ती मागेल ते द्यायचं, हा त्यांचा रिवाज. कोण कोणावर उपकार करत होतं, हे त्या हॉलमध्ये कोणालाच सांगता आलं नसतं.

इमारत होणार म्हटल्यावर कमिटीनं ती होईपर्यंत हॉल वापरू दिला. जूनमध्ये पोरं आली. आली म्हणजे आणून सोडली. आम्ही पाहणीची तयारी केली, आणि ती मी मन लावून केली, कारण शिकवणं हा माझा धंदा. पाहुणे आले की उभं राहायचं. जय भीम म्हणायचं. एकानं पाट मांडायचा, एकीनं स्वच्छ घासलेल्या तांब्यातून पाणी आणायचं, पेला ताटलीत ठेवून दोन्ही हातांनी पुढं करायचा आणि “बसा, पाणी घ्या” असं म्हणायचं. तांब्याचं काम ठकीकडे दिलं. तिचा हात अजिबात हलत नसे. रोज संध्याकाळी मी दारातून पाहुणी होऊन आत यायचे आणि ती मला पाणी द्यायची.

पोरं सकाळी मात्र चमत्कारिक वागायची. पाऊस लागला होता. वर्षानुवर्षं त्यांना एवढंच ठाऊक होतं की पाऊस म्हणजे घर. नाक्यावर जीप थांबली की ठकी आपल्या फ्रॉकची वळकटी काखेत मारून पायरीवर जाऊन बसायची. विमलाबाई तिला आत आणायच्या. काही दिवसांनी ठकीनं जाणं सोडलं, आणि ते मला जास्त टोचलं.

पाहणी फार छान झाली. डॉक्टर पोरांशी बोलले, व्यापारी गृहस्थांनी गोळ्या वाटल्या. ठकीनं पाणी दिलं तेव्हा डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तुझं कोण कोण आहे ग, असं विचारलं. आई आहे, बाबा आहे, म्हणाली ती. कुठं असतात? घरी, म्हणाली. डॉक्टर खंडेरावांकडे बघू लागले. खंडेराव खिडकीतून बाहेर बघत होते. मग डॉक्टरांनीही तो विषय सोडला, आणि वहीत संस्था निवासी असून बारमाही चालते असं लिहून घेतलं.

दसऱ्याला पैसे मंजूर झाले. विमलाबाईंना स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला. त्यांनी नारळ असा घट्ट धरला होता, की खंडेरावांनाच तो त्यांच्या हातून काढून बाजूला ठेवावा लागला. घरी येऊन त्यांनी शाल काकांच्या अंगावर टाकली आणि भाकरी थापायला बसल्या. मी अभिनंदन करायला गेले होते. न करताच परत आले.

आता खरं सांगायचं तर त्यात काही वाईट झालं असं कोणी म्हणणार नाही. खोल्यांची जागा ठरली, पाया खणायला सुरुवात झाली. पोरं सलग शाळेत बसली आणि भराभर वाचू लागली. ठकीला तर वर्तमानपत्रातले मथळे यायला लागले. मी शिक्षिका, मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. फक्त रात्री अंथरूण घालताना पोरं जी गाणी म्हणायची, त्यात माझी शाळेतलीच जास्त असायची.

दिवाळी झाली आणि कुसाबाई आली. कामाला येणारी माणसं नाक्यावर उतरतात आणि आधी पोरांना विमलाबाईंकडे सोडून मग मळ्यावर जातात, तशीच ती सरळ विहाराकडे चालत आली. एका काखेत नव्या भाताचं गाठोडं, आणि दुसरा हात मोकळाच. इतकी वर्षं त्या हाताला ठकी असायची. दारात येऊन ती थांबली. विमलाबाई चुलीशी होत्या, मी पोरांच्या वह्या तपासत होते.

मला वाटलं ठकी धावेल. ती उठून उभी राहिली.

“जय भीम,” ठकी म्हणाली. तिनं पाट मांडला. आत जाऊन तांब्या आणला, पेला ताटलीत ठेवला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. “बसा, पाणी घ्या.”

कुसाबाईनं विमलाबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ती पाटावर बसली आणि पाणी घेतलं. सगळं प्याली. पोरीला बाईंनी चांगलं वळण लावलं, असं म्हणाली, आणि गाठोडं सोडून तांदूळ दाखवू लागली.

विमलाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि त्या भाकरी तव्यावर तशीच टाकून मागच्या दारानं बाहेर गेल्या. ती भाकरी मी उलटली.